साहेब जागेवर नाहीत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सरकारी किंवा निमसरकारी कचेरीची पायरी ज्याने एकदा तरी चढली आहे, त्याने एक वाक्य हमखास ऐकलेले असते : ‘साहेब जागेवर नाहीत.’ हे वाक्य कानावर पडले की आलेल्या माणसाचा चेहरा उतरतो आणि ते बरोबरच आहे. दोन एस.टी. बदलून, अर्धा दिवस मोडून आलेल्या माणसाला रिकामी खुर्ची आणि तिच्या पाठीवर टाकलेला कोट दाखवणे म्हणजे त्याचा अपमानच. त्यामुळे चांगला कर्मचारी कोण, याची आपल्याकडे एक साधी व्याख्या ठरून गेली. जो जागेवर असतो तो चांगला.

मी छत्तीस वर्षे मुंबईच्या फोर्ट भागातल्या एका कचेरीत, हिशेब विभागात, नोकरी केली. १९८९ साली मला एक मेमो मिळाला. ‘अमुक दिवशी दुपारी साडेतीन वाजता आपण आपल्या जागेवर आढळून आला नाहीत. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.’ त्या वेळी मी दोन मजले खाली रेकॉर्ड रूममध्ये धूळ झटकत एक जुनी फाइल शोधत होतो. तसा खुलासा केला, प्रकरण मिटले. पण मी धडा घेतला. पुढे फाइल हवी असली की शिपायाला चिठ्ठी द्यायची, चहा टेबलावरच मागवायचा, शेजारच्या विभागात काही विचारायचे असेल तर फोन उचलायचा. मग संगणक आले आणि रेकॉर्ड रूमच पडद्यावर आली. लिफ्ट तर होतीच. निवृत्तीपर्यंत मला दुसरा मेमो मिळाला नाही.

मेमो मिळाला नाही, पण २००३ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, छातीत जडपणा जाणवू लागला. तपासण्या झाल्या, एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. घरी सोडताना डॉक्टरांनी विडी-सिगारेट, तेल-तूप, घरातला इतिहास असे नेहमीचे प्रश्न विचारले. आणि मग म्हणाले, ‘दिवसातून बसता किती वेळ?’ मला सांगता येईना. त्यांनीच हिशेब मांडायला लावला. लोकल आमच्या स्टेशनातूनच सुटायची, म्हणून जाताना बसायला जागा. कचेरीत सात तास. येताना कधी बसून, कधी उभ्याने. घरी आल्यावर टीव्हीसमोर दोन तास. बेरीज सहज अकराच्या घरात गेली. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाने हा एक हिशेब कधी केलाच नव्हता.

माझ्या एकट्याच्या दुखण्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला कळते. माझ्या वडिलांनाही रक्तदाब होता आणि वडे-भजी मलाही वर्ज्य नव्हती. पण त्या दिवसापासून मनात एक कुतूहल राहिले. बसून काम करणे प्रकृतीला वाईट, हे कोणी, कधी आणि कशावरून ठरवले? आणि ठरवले असेल, तर कामावर असताना माणसाने हालचाल करावी याची जबाबदारी नेमकी कोणाची? निवृत्तीनंतर या विषयावरचे जे हाती लागले ते वाचत गेलो. त्यातलेच काही आज सांगणार आहे.

लिहिणाऱ्याचे दुखणे तसे जुने आहे. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. रोग्याला जे प्रश्न विचारायचे, त्यांत ‘तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न घालावा, असा त्यांचा आग्रह होता. निरनिराळ्या धंद्यांतल्या लोकांच्या रोगांवर त्यांनी १७०० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली आणि तीत लेखनिकांवर, म्हणजे आपल्या भाषेत कारकुनांवर, एक प्रकरण आले. कारकुनांच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणे दिली आहेत : सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने चाललेली अखंड हालचाल आणि आकड्यात चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. हे वाचले तेव्हा मी हातातले पुस्तक खाली ठेवले. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने आमचा हिशेब विभाग पाहिल्यासारखे लिहिले होते.

पण रामाझ्झिनींचे निरीक्षण म्हणजे एका चाणाक्ष वैद्याची नजर होती. मोजमाप नव्हते. ते व्हायला दुसरे महायुद्ध संपावे लागले, आणि ते झाले बसगाडीत.

युद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांची संख्या चिंता वाटावी इतकी वाढली होती. कारण काय, हे कोणाला नीट सांगता येत नव्हते. १९४८ साली लंडनमध्ये सामाजिक वैद्यकाचा एक संशोधन विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख होते डॉ. जेरी मॉरिस. निरनिराळ्या व्यवसायांतल्या माणसांत या आजाराचे प्रमाण किती, याची माहिती त्यांनी गोळा करायला घेतली. त्यात लंडनच्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वेतले सुमारे एकतीस हजार कर्मचारी होते.

यातली खुबी लक्षात घ्या. लंडनची दुमजली बस आणि तिच्यावर दोन माणसे, ड्रायव्हर आणि कंडक्टर. दोघे एकाच गाडीवर, एकाच पाळीत. पगारात आणि राहणीमानात फार अंतर नाही. एकच धूर दोघांच्या नाकात. फरक एवढाच, की ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून असतो आणि कंडक्टर तिकिटे देत जिना चढतो-उतरतो. मॉरिस यांच्या माणसांनी बसमध्ये बसून मोजले, तेव्हा कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढतो असे दिसले.

मुंबईकरांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा पकडून बसलो, की मागून जिन्यावर पावले वाजायची आणि तिकिटाच्या पेटीवर चिमट्याची टकटक ऐकू यायची. ‘तिकीट बोला’ म्हणणारा तो माणूस दिवसभरात एखादा लहानसा गड चढून उतरत असेल, असे तेव्हा कधी मनात आले नाही.

मॉरिस यांचे निष्कर्ष नोव्हेंबर १९५३मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता, झालाच तर जास्त वयात होत होता आणि तो कमी जीवघेणा ठरत होता. आता कोणीही म्हणेल, की ड्रायव्हरला रहदारीचा ताण असतो, त्याचा हा परिणाम असेल. ही शंका मॉरिस यांच्याही मनात आली असणार, कारण त्यांनी टपाल खात्याकडेही पाहिले. तिथे रहदारी नाही. पण पायी आणि सायकलने पत्रे वाटणारे पोस्टमन आणि त्याच खात्यातले बसून काम करणारे टेलिफोन ऑपरेटर, कारकून, अधिकारी यांच्यातही तोच फरक दिसला.

मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीमुळे. एवढे चांगले उत्तर हाती आल्यावर ते मिरवत बसण्याऐवजी त्यांनी त्यात खोट शोधायला सुरुवात केली. मुळातच जाड असलेला माणूस ड्रायव्हर होत असेल आणि सडपातळ माणूस कंडक्टर, तर? मग दोष बसण्याचा कसा म्हणायचा? याचे उत्तर त्यांनी शोधले कुठे, तर गणवेशाच्या नोंदींत! कर्मचाऱ्यांना पँट शिवून द्यायची तर कमरेचे माप हवे आणि ती मापे कागदोपत्री होती. १९५६ साली मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मापे प्रसिद्ध केली. ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर खरोखरच जास्त होता, अगदी तरुण ड्रायव्हरांचाही. म्हणजे दोघांत काही फरक आधीपासूनच होता, हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितले. आणि मग थांबले नाहीत, तर पुरावा गोळा करत राहिले. दोन वर्षांनी ब्रिटनभरातल्या शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून, हलके काम करणाऱ्यांच्या हृदयावर आजाराच्या खुणा जड काम करणाऱ्यांपेक्षा जास्त आढळतात, हेही त्यांनी दाखवले. एका कारकुनाला यातली गंमत वेगळी कळते. शिंप्याच्या मापांचे कपाट कोणाच्या तरी जिवाशी असे जोडलेले असू शकते!

इथवर प्रश्न होता तो कामाचा. माणूस कामावर असताना हलतो की नाही, एवढाच. पुढे मात्र गाडीने रूळ बदलले.

मॉरिस यांना दिसत होते, की कष्टाची कामे कमी होत जाणार आणि बहुतेक लोक टेबलाशी बसणार. मग अशा लोकांचे काय? म्हणून १९६८ ते १९७० या काळात त्यांनी ब्रिटिश सरकारच्या कचेऱ्यांतले, चाळीस ते चौसष्ट वयाचे सुमारे सतरा हजार पुरुष कर्मचारी निवडले. हे सगळे बैठे काम करणारे, म्हणजे आमचे जातभाईच. सोमवारी सकाळी, आधी काही न सांगता, त्यांच्यापुढे कागद ठेवला : गेल्या शुक्रवारी आणि शनिवारी तुम्ही काय काय केले ते लिहा. पुढची काही वर्षे या लोकांच्या प्रकृतीकडे लक्ष ठेवले. १९७३ साली निष्कर्ष आले. फावल्या वेळात जे जोमदार व्यायाम करत होते, म्हणजे पोहणे, भरभर चालणे, बागेत कुदळ मारणे, त्यांना हृदयविकार इतरांपेक्षा खूपच कमी होत होता.

निष्कर्ष मोलाचा होता. बैठ्या माणसाला त्याने आशा दिली. पण त्याबरोबर नकळत एक बदल झाला असे मला वाटते. जी हालचाल कंडक्टरच्या कामातच होती, ती आता माणसाच्या खासगी वेळात गेली. काम बसूनच होणार, त्याला इलाज नाही. व्यायाम करायचा तर तुझ्या वेळात कर, पहाटे उठून किंवा संध्याकाळी. केला नाहीस तर आळशी तू. कचेरी मोकळी झाली. मॉरिस यांचा हा हेतू नव्हता. ते स्वतः नियमित पळायला जात, पोहत, आणि २००९ साली नव्व्याण्णव वर्षांचे होऊन गेले. पण लोकांनी अर्थ घेतला तो असा.

तिकडे बसमध्येही गंमतच झाली. एकाच माणसाने चालवायच्या बस आल्या आणि कंडक्टरची गरज संपत गेली. मागच्या उघड्या फळीवरून चढायची ती जुनी ‘रूटमास्टर’ डिसेंबर २००५मध्ये लंडनच्या रोजच्या वाहतुकीतून निवृत्त झाली. आपल्याकडची जुनी डिझेलची लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३मध्ये गेली. लंडनच्या अभ्यासातली जोडी फुटली. ज्याची प्रकृती चांगली होती त्याचे काम गेले आणि बसणारा तेवढा उरला. आमच्या कचेरीतही तेच झाले. फाइली पोचवणारे शिपाई एकेक करून निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. संगणकापुढचे आम्ही राहिलो.

मग कामाच्या वेळातच हालचाल, असा विचार कोणी केला नाही का? केला. आणि तो रेडिओवर झाला, हे इथे बसून सांगताना मला विशेष आनंद होतो. १९२५ साली अमेरिकेत एका विमा कंपनीने सकाळी रेडिओवरून व्यायामाचे कार्यक्रम सुरू केले. हिशेब विभागातल्या माणसाला त्यामागचे गणित लगेच उमगते. विमेदार लवकर गेला तर पैसे कंपनीला मोजावे लागतात. जपानच्या टपाल खात्याचाही आयुर्विमा होता. त्या खात्याच्या लोकांनी ही कल्पना उचलली आणि १९२८ साली जपानी रेडिओवर ‘राजिओ ताइसो’ म्हणजे रेडिओ-कवायत सुरू झाली. पुढे युद्धकाळात तिला हुकमी शिस्तीचे रूप आले आणि युद्ध हरल्यानंतर ती बंद पडली. १९५१ साली ती नव्या रूपात परत आली. पियानोच्या तालावर तेरा हालचाली, वेळ जेमतेम तीन मिनिटे. पुढच्याच वर्षी दुसरा संच आला, तो मुख्यतः कामावरच्या लोकांसाठी. जपानमध्ये कारखान्यांत, बांधकामावर, काही कचेऱ्यांतही काम सुरू होताना आजही ही कवायत होते.

पावले मोजणारे यंत्र अंगावर बाळगायची टूमही तिथलीच म्हणायला हरकत नाही. टोकिओ ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने ‘मानपो-केई’ नावाचे यंत्र बाजारात आणले. नावाचा अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’. आज आपले जावई-मुलगे मोबाइलवर बघून ‘दहा हजार झाली’ म्हणतात, तो आकडा या नावातून आला, कुठल्या मोठ्या संशोधनातून नव्हे. त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो, असे पुढच्या अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा सात हजारांवर थांबलेल्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

आपल्याकडे काय होते? औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. सूर्यनमस्काराचा प्रसार हे त्यांनी जीवितकार्य मानले होते. स्वतः घालत आणि संस्थानच्या शाळांतून मुलांकडून घालून घेत. १९३८ साली लंडनमध्येही त्यांचे यावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. म्हणजे मॉरिस यांनी बसच्या पायऱ्या मोजायला घेण्याच्या दहा-अकरा वर्षे आधी सातारा जिल्ह्यातली नमस्काराची पद्धत लंडनच्या वाचकांपर्यंत पोचली होती. पण नमस्कार घालायचे ते सकाळी, अंघोळ करून, मोकळ्या पोटी. कचेरीच्या साडेदहा ते साडेपाचचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

आणि हे सात तास महत्त्वाचे आहेत, असे अलीकडचा अभ्यास सांगतो. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्येच दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून केलेला एक अभ्यास आला. दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांचा वाढलेला धोका जवळजवळ नाहीसा व्हायचा तर रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालण्याइतकी हालचाल लागते, असे त्यात दिसले. त्याहून कमी हालचालीने धोका कमी होतो, पण पुरता जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये मोठ्या माणसांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आणि पहिल्यांदाच बसण्याचा वेळ कमी करा, असेही सांगितले. बसण्याऐवजी कितीही हलकी हालचाल केली तरी ती हिशेबात धरा, असा त्याचा भाव आहे.

आता मला सांगा, रोजचा तास-सव्वातास कोणाकडे आहे? माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई होत्या. पहाटे पाचला उठायच्या, तीन डबे भरायच्या, बदलापूरहून लोकलने यायच्या, परत जाऊन पुन्हा ओट्याशी उभ्या. लंडनच्या बसवाल्यांचा आणि त्या कचेऱ्यांचा अभ्यास, दोन्ही पुरुषांचे. त्यांच्या फावल्या वेळाच्या रकान्यात या बाईंनी काय लिहिले असते? ‘पहाटे उठून चालायला जा’ हा सल्ला त्यांना द्यायची माझी कधी हिंमत झाली नाही. त्यांना हालचालीची सवड मिळण्याची एकच जागा होती, ती म्हणजे कचेरी. आणि तिथे नियम होता, जागेवर असा.

स्टेंटनंतर कामावर रुजू झालो, तेव्हा मी थोडे धाडस केले. आमच्या साहेबांकडे गेलो, मेमोची जुनी गोष्ट सांगितली आणि म्हणालो, ‘साहेब, तासातून एकदा पाच मिनिटे मी जागेवर नसेन. टेबलावर पाटी ठेवून जाईन, कुठे गेलो आणि किती वाजता येतो याची.’ साहेब हसले. मग म्हणाले, ‘लोकांची तक्रार आली नाही म्हणजे झाले.’ रास्त अट होती. मी विभागातल्या लोकांशी बोलून पाण्याचा कूलर आमच्या कोपऱ्यातून काढून व्हरांड्याच्या टोकाला नेऊन ठेवला. आठवडाभर सगळ्यांनी मला शिव्या दिल्या. शेजारच्या विभागातली फाइल हाताने नेऊन देऊ लागलो. फोन उभ्याने घ्यायची सवय लावली. चौकशीला आलेल्या वयस्कर माणसाला दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवण्याऐवजी तिथवर सोडून येऊ लागलो. त्या माणसाचे कामही लवकर होई. तक्रार एकही आली नाही. दोन-चार महिन्यांत आणखी तीन टेबलांवर पाट्या दिसू लागल्या. त्यात बदलापूरच्या बाईंची एक होती.

यातून आम्हा कोणाचे आयुष्य किती वाढले, हे मला मोजता येणार नाही. गुडघे मात्र कुरकुरायचे थांबले आणि दुपारी तीननंतरची डुलकी गेली. व्यायामाला हा पर्याय आहे असे मी म्हणत नाही. ज्याला सकाळी वेळ आहे त्याने जरूर चालावे, नमस्कार घालावेत. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. माझे म्हणणे एवढेच, की कंडक्टरला जे पगारी वेळात मिळत होते ते कारकुनाने चोरून किंवा झोप मोडून मिळवावे, ही व्यवस्था न्यायाची नाही. साहेबमंडळींना माझी विनंती आहे. ‘जागेवर नाहीत’ हा शेरा मारण्याआधी, माणूस कुठे गेला आणि काम अडले का, एवढे विचारा. काम अडले असेल तर मेमो जरूर द्या.

आणि माझ्या कारकून बंधू-भगिनींनो, तो मेमो मी अजून जपून ठेवला आहे. नातवाने मध्यंतरी वाचला. पुण्यात एका कंपनीत तो दिवसाचे दहा तास संगणकापुढे असतो. म्हणाला, ‘आजोबा, यात तुमची चूक काय होती?’ मी म्हटले, ‘काही नाही रे, मी जिना उतरलो होतो.’